स्मार्ट सिटी प्रकल्प यशस्वी झाला की नाही, हे कोणत्या निकषांवर मोजतात?

आमची सांगली केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या शंभर शहरांत नव्हती, तरी उत्तर देतोय. याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या साडूंचं चांगलंच वाजलं होतं. ते दुसऱ्या एका शहरात स्मार्ट सिटीच्या कामावर होते. इतके कोटी खर्च, इतके कॅमेरे, इतकी कामं पूर्ण, असं पंगतीत सांगत होते. मी विचारलं, पाणी किती तास येतं? म्हणाले, तो रकाना आमच्या अहवालात नाही.

मी उठलो आणि अण्णांची वही आणून त्यांच्यापुढं ठेवली.

आमचं घर गावभागात. पावसाळ्यात अण्णा रोज आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी लिहायचे, आणि समोर पाणी कुठवर आलं ते: घाटाच्या पायऱ्या, गल्लीचं तोंड, आमचं जोतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण आपल्या जोत्याला पाणी कितीला लागतं, ते फक्त वहीत होतं. २००५ चा पूर ओसरल्यावर त्यांनी भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळी गल्ली म्हणत होती, २००५ एवढं काही येत नाही. अण्णांनी पातळी किती वेगानं चढतेय ते वहीत ताडून बघितलं आणि आई, कागदपत्रं, धान्याची पोती, सगळं विश्रामबागला हलवलं. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली, माणसं सुखरूप राहिली.

मोजणं याला म्हणतात. आकडा आल्यावर कोण काय करणार हे ठरलेलं नसेल, तर तो आकडा फलकावर लावायच्या लायकीचा, बाकी काही नाही.

आता तुमचे निकष. ते नवीन शोधायची गरजच नव्हती. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ मध्येच सेवांचे मापदंड दिलेत: दरडोई रोज १३५ लिटर पाणी, २४ तास पुरवठा, हिशोबात न येणारं पाणी २० टक्क्यांपर्यंत, ८० टक्के तक्रारींचं वेळेत निवारण. ते सोडून २०१५ ला स्मार्ट सिटी योजना आल्यावर चर्चा रंगली ती निविदा, कार्यादेश आणि खर्चाची. शहरात राहणं किती सुकर आहे हे मोजणाऱ्या केंद्राच्या 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांकात २०१८ ला पुणे पहिलं आलं. २०२० च्या फेरीत नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन दिलं, हे चांगलं केलं. पण तो क्रमांक अख्ख्या शहराचा. स्मार्ट सिटीचा बहुतेक पैसा एका निवडलेल्या भागात गेला, पुण्यात औंध-बाणेर-बालेवाडीत. शहराच्या क्रमांकावरून प्रकल्पाचं श्रेय कसं काढणार?

म्हणून काम सुरू होण्याआधीचा आकडा मागा, माहिती अधिकारात मागा. नळाला किती तास, गळती किती, पावसात कुठल्या चौकात पाणी साचायचं. तोच आकडा आज काढा, आणि ज्या भागात काम झालं नाही तिथलाही काढा. आधीचा आकडाच नसेल तर यश सिद्ध झालं असं कुणी म्हणू नये, साडूंनी तर नाहीच.

एक मात्र मान्य करतो: मलनिस्सारणाच्या कामाचा गुण दिसायला वर्षं लागतात, तिथं घाई करू नका. आणि कोविडमध्ये स्मार्ट सिटीतून उभारलेल्या नियंत्रण कक्षांतून बऱ्याच शहरांनी रुग्णांचा माग ठेवला, ते काम खरंच उपयोगाचं होतं. हे मी साडूंनाही सांगितलंय. पाण्याच्या तासांचा आकडा त्यांनी अजून दिलेला नाही.