ब्लॅकजॅक शिकताना नजर डीलरच्या पानावर हवी

प्रश्न : मी अनेक वर्षे रमी खेळतो, ब्लॅकजॅक मात्र अलीकडेच एका मित्राने शिकवला. ‘एकवीसच्या जितके जवळ जाशील तितके चांगले’ एवढाच नियम त्याने सांगितला. त्यामुळे बेरीज १५-१६ झाली तरी मी आणखी एक पान मागतो आणि बहुतेक डाव तिथेच संपतो. थांबलो, तर डीलरची बेरीज माझ्यापेक्षा जास्त निघते. माझे नेमके कुठे चुकते?

उत्तर : आपल्या मित्राने सांगितलेला नियम चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे, आणि नवशिक्यांचे बहुतेक डाव राहून गेलेल्या अर्ध्या भागामुळेच जातात. या खेळात एकवीस गाठायचे नसते, डीलरला, म्हणजे पाने वाटणाऱ्याला, हरवायचे असते. हातात १३ असतानाही डाव जिंकता येतो. फक्त डीलर २१ च्या पुढे जायला हवा.

खेळाची घडण थोडक्यात सांगतो. दुर्रीपासून दश्शीपर्यंत प्रत्येक पानाची किंमत त्याच्या अंकाइतकी, गुलाम, राणी आणि राजा यांची प्रत्येकी १०, तर एक्का सोयीप्रमाणे १ किंवा ११ धरायचा. पान इस्पिकचे की बदामचे, याला काहीच महत्त्व नाही. आपल्याला दोन पाने मिळतात आणि डीलरच्या दोन पानांपैकी एक उघडे, एक पालथे असते. आधी आपण खेळायचे. बेरीज २१ च्या पुढे गेली की आपण बस्ट होतो आणि लावलेली रक्कम त्याच क्षणी जाते. पुढे डीलर बस्ट झाला, तरी ती परत मिळत नाही. घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा मुख्यतः या क्रमात दडलेला आहे, म्हणून उगाच पान मागण्याची सवय इतकी महाग पडते.

आता डीलरची बाजू पाहा. त्याला स्वतःची मर्जी नसते. १६ किंवा त्याहून कमी असेल तर पान घ्यावेच लागते आणि १७ झाले की थांबावे लागते (एक्का ११ धरून झालेल्या १७ वर पान घेण्याचा नियम काही टेबलांवर असतो, तेवढा अपवाद). समजा, आपल्या हातात दश्शी आणि छक्की, म्हणजे १६ आहेत. एक्का ते पंजी यांपैकी काही आले तर आपण वाचतो. छक्कीपासून राजापर्यंतचे कोणतेही पान बुडवते. तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ घातक, म्हणजे शंभरात साधारण ६१-६२ वेळा बस्ट. हा धोका पत्करायचा की नाही, हे डीलरच्या उघड्या पानावरून ठरवायचे.

त्याची छक्की उघडी असेल, तर पालथे पान दहाचे असण्याचा संभव सर्वांत जास्त, कारण ५२ पैकी १६ पानांची किंमत दहा असते. तसे झाले तर तोही १६ वर अडकतो, फरक एवढाच की त्याला थांबता येत नाही. छक्की उघडी असताना डीलर शंभरात सुमारे ४२ वेळा बस्ट होतो. तेव्हा आपण हात आवरायचा आणि धोका त्याला पत्करू द्यायचा. उघडे पान सत्ती किंवा त्याहून मोठे असेल, तर तो बहुधा १७ किंवा अधिकवर सुरक्षित पोहोचतो. म्हणून १६ वरही पान मागावे. दहाच्या पानासमोर १६ हा या खेळातला सर्वांत दुबळा हात आहे: मागितले काय आणि थांबलो काय, फरक नखाएवढा. तिथे डाव गेला, तर स्वतःला दोष देऊ नका. खेळ बरोबर होता आणि तरीही डाव गेला, असे या खेळात रोज घडते आणि ते मनाने स्वीकारायला वेळ लागतो.

म्हणून १२ ते १६ या बेरजा आधी पाठ करा. डीलरचे पान दुर्री ते छक्की असेल तर थांबायचे, सत्ती ते एक्का असेल तर मागायचे. बारावर मात्र दुर्री आणि तिर्रीसमोरही मागायचे, कारण तिथे दहाचे पान सोडून दुसरे कोणतेच पान आपल्याला बुडवत नाही.

हे कोष्टक कुणा जुन्या खेळाडूच्या अंदाजातून आलेले नाही. बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी सैन्यातील चार तरुणांनी टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून ते १९५६ मध्ये एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात मांडले. पुढे संगणकाने तीच गणिते केली तेव्हा फारच थोड्या ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. त्या चौघांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रश्न : एक्का आणि छक्की आली की माझी बेरीज १७ होते आणि मी थांबते. माझी बहीण म्हणते, ही चूक आहे. कोणाचे बरोबर?

उत्तर : आपल्या बहिणीचे. एक्का ११ धरलेल्या हातावर एक पान घेतल्याने बस्ट होता येत नाही. एक्का आणि छक्कीवर नव्वी आली, तर बेरीज २६ होत नाही. एक्का १ धरून ती १६ होते आणि खेळ पुढे चालू राहतो. शिवाय १७ वर थांबून जिंकण्यासाठी डीलर बस्टच व्हावा लागतो, कारण तो १७ च्या आत कधी थांबत नाही. म्हणून अशा १७ वर नेहमी पान घ्यावे. एक्का आणि सत्ती असेल, तरीसुद्धा डीलरकडे नव्वी, दहाचे पान किंवा एक्का दिसत असल्यास आणखी एक पान मागावे. हे पचायला सर्वांनाच जड जाते.

प्रश्न : जोडी आली की ती फोडावी का?

उत्तर : एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडाव्यात. दोन अठ्ठ्या म्हणजे नकोसे १६, फोडल्या तर आठवर सुरू होणारे दोन बरे हात. दहाची जोडी कधीही फोडू नये, हातचे २० मोडण्यात काहीच अर्थ नाही. पंज्यांची जोडी १० समजूनच खेळावी.

प्रश्न : डीलरचा एक्का दिसला की ‘इन्शुरन्स घेणार का’ असे विचारतात. माझ्याकडे ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचे पान) असेल, तर इन्शुरन्स घेणे शहाणपणाचे नाही का?

उत्तर : नाही. नावामुळे ते संरक्षण वाटते, पण डीलरचे पालथे पान दहाचे आहे, यावर लावलेली ती एक वेगळी पैज आहे. जिंकलात तर एकास दोन मिळतात. काडेपेटीतल्या काड्या घेऊन हिशेब करून पाहा : तेरा वेळा एकेक काडी लावली, तर सरासरी चार वेळा जिंकून आठ काड्या येतात आणि नऊ वेळा हरून नऊ जातात.

आपल्याकडे ब्लॅकजॅक असताना इन्शुरन्स घेतला, तर डीलरकडे काहीही निघो, आपल्याला रकमेइतकेच मिळते, म्हणजे तेरा डावांत तेरा काड्या. नकार दिला, तर चार वेळा बरोबरी होऊन काही मिळत नाही, पण उरलेल्या नऊ वेळा दीडपट मिळून साडेतेरा काड्या होतात.

हा दीडपटीचा हिशेब टेबलावर ‘तीनास दोन’ छापलेले असेल तरच लागू आहे. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. ‘सहास पाच’ छापलेले असेल, तर दहा काड्यांवर पंधराऐवजी बाराच मिळतात आणि नीट खेळून घराचा फायदा जेमतेम अर्ध्या टक्क्यावर आणलेला असला, तरी त्यात सुमारे १.४ टक्क्यांची भर पडते. बसण्याआधी ती छापील ओळ वाचा आणि तिथे ‘सहास पाच’ असेल, तर दुसरे टेबल शोधा.