जवळजवळ तेवढाच भूकंप, पण एकीकडे दोन बळी आणि दुसरीकडे हजारो: असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूकंप काही गरीब-श्रीमंत बघून येत नाही, मग गरीब देशांत हजारो माणसं आणि श्रीमंत देशांत मोजकीच का मरतात? की बातम्यांमुळे आपल्याला तसं वाटतं?

नुसतं वाटत नाही, तसं घडतंही. २००३ चा डिसेंबर घ्या. २२ तारखेला कॅलिफोर्नियात सॅन सिमियनजवळ ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला, दोन जण गेले. चारच दिवसांनी इराणमधल्या बाम शहरात ६.६ तीव्रतेचा झाला आणि पंचवीस हजारांहून जास्त माणसं गेली.

ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हेही सांगतो. सॅन सिमियनचं केंद्र विरळ वस्तीत होतं आणि वेळ सकाळी अकराची. बाममध्ये भ्रंश, म्हणजे जिथे खडक सरकून भूकंप होतो ती भेग, शहराला खेटून होता आणि लोक पहाटेच्या झोपेत होते. पण हे सगळं वजा केलं तरी एवढी मोठी तफावत भरून निघत नाही. बामची बरीच घरं कच्च्या विटांची, वर मातीची जड छपरं. असं घर कोसळलं की त्याचा ढिगारा होत नाही, भुगा होतो. काँक्रीटची इमारत पडली तर तिच्या स्लॅबखाली कुठेतरी पोकळी राहते आणि दोन-तीन दिवसांनीही माणूस जिवंत सापडतो. बाममध्ये पोकळीच राहिली नाही, धुळीने श्वास कोंडला. आणि कॅलिफोर्नियातले ते दोन मृत्यू? तेही विटांच्या एका जुन्या इमारतीमुळेच झाले, जिचं बळकटीकरण अजून व्हायचं होतं.

मी इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो, त्यामुळे एक बारकी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काँक्रीटच्या कॉलममध्ये उभ्या सळ्या असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा बांधतात. रिंगेची टोकं नुसती काटकोनात दुमडून सोडली, तर जोराच्या हादऱ्यात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट सुटून पडतं आणि रिंग उघडते. मग उभ्या सळ्या बाहेर फुगतात, आतल्या काँक्रीटचा चुरा होतो आणि वरचे मजले एकावर एक येऊन बसतात. तीच टोकं १३५ अंशांत आतल्या गाभ्याकडे वळवली, तर रिंग धरून ठेवते. इमारतीला तडे जातील, ती कदाचित नंतर पाडावीही लागेल, पण आतली माणसं जिन्याने उतरून बाहेर येतील. खर्चातला फरक म्हणाल तर दर रिंगेमागे काही सेंटीमीटर सळई आणि सळ्या बांधणाऱ्या फिटरची थोडी जास्त मेहनत. अडचण एवढीच, की काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे ओतण्याआधी साइटवर येऊन ‘हे सोडा, परत बांधा’ म्हणणारा कुणी आहे का, आणि त्याचं ऐकावंच लागतं का, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून मला या प्रश्नात जपान किंवा अमेरिकेपेक्षा चिली जास्त महत्त्वाचा वाटतो. १२ जानेवारी २०१० ला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे, पण अगदी कमीतले अंदाजही सेहेचाळीस ते पंच्याऐंशी हजारांचे आहेत. दीड महिन्याने, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. ऊर्जेच्या हिशेबात हा जवळपास पाचशे पट मोठा. मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास, त्यातलेही बरेच त्सुनामीत. इथेही हैतीचं केंद्र राजधानीपासून अवघ्या २५ किलोमीटरवर होतं, ते धरायलाच हवं. पण चिली काही गर्भश्रीमंत देश नव्हे. १९६० मध्ये आजवर नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप, ९.५ चा, त्यांनी सोसला आणि त्यानंतर बांधकामाचे नियम कडक करत नेले. शिवाय तिथे इमारत विकणारा पहिला मालक सांगाड्यातल्या दोषांसाठी दहा वर्षं कायद्याने जबाबदार असतो. गुंतवलेला पैसा बुडण्याची भीती असली की रिंगा आपोआप नीट बांधल्या जातात!

हैतीत असा नियम लागू करणारी यंत्रणाच नव्हती. त्यात आणखी एक दुर्दैव. तिथे दरवर्षीची धास्ती चक्रीवादळांची, म्हणून लोकांनी वाऱ्याने उडणार नाहीत अशी जड काँक्रीटची छपरं घातली, पण खालच्या भिंती पोकळ ब्लॉकच्या, सिमेंट कमी, सळ्या नावाला. वादळातून वाचवणारं छप्परच भूकंपात अंगावर आलं. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद पडला, बहुतेक मंत्रालयं पडली, म्हणजे मदत कुणी कुठे पाठवायची हे ठरवणारेच ढिगाऱ्याखाली.

निकोलस अँब्रेसीज आणि रॉजर बिलहॅम या दोन भूकंपतज्ज्ञांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये एक हिशेब मांडला होता. आधीच्या तीस वर्षांत भूकंपात इमारती कोसळून जे मेले, त्यांतले ८३ टक्के अशा देशांतले होते, जिथला भ्रष्टाचार त्या देशाच्या उत्पन्नाच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त होता. म्हणजे गरिबी आहेच, पण गरिबीवर सगळं ढकलून चालत नाही. तुर्कस्तान घ्या. पैसा होता, इंजिनियर होते, १९९९ च्या भूकंपात सतरा हजारांवर माणसं गमावल्याचा अनुभव होता, कागदावर उत्तम नियमही होते. पण २०१८ मध्ये सरकारने दंड भरून बेकायदा बांधकामं नियमित करून घ्यायची मुभा दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. भूकंप प्रचंड होता, ७.८ चा, आणि काही तासांत ७.५ चा दुसरा. तरीही शेजारशेजारच्या दोन इमारतींपैकी एक उभी आणि एक भुईसपाट, हे चित्र गावोगाव दिसलं. ते काही तीव्रतेने समजावता येत नाही.

श्रीमंत देश सुटतात असंही नाही. १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात सहा हजारांवर लोक गेले, बरेचसे जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांत. २०११ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये १८५ जण गेले, त्यांतले ११५ एकाच इमारतीत, आणि तिच्या डिझाइनमध्येच दोष असल्याचं चौकशी आयोगाने नंतर सांगितलं.

आता पैशाचं. इथे चित्र उलटं दिसतं आणि लोक फसतात. आकड्यात नुकसान श्रीमंतांचं जास्त, कारण मोडायला महागडं बरंच काही असतं. २०११ च्या भूकंप-त्सुनामीत जपानच्या मालमत्तेचं नुकसान सरकारने जवळपास १७ लाख कोटी येन धरलं, पण ते देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या चारेक टक्के. हैतीचं नुकसान ७.८ अब्ज डॉलर, जपानपुढे किरकोळ, पण हैतीच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा जास्त. शिवाय क्राइस्टचर्चमध्ये नुकसानीचा मोठा भाग विम्याने भरून दिला. ज्याचा विमाच नाही त्याला कर्ज काढावं लागतं, नाहीतर तंबूत राहावं लागतं. हैतीत तर भूकंपानंतर नऊ महिन्यांनी कॉलरा आला, तोही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांकरवी, आणि त्याने पुढच्या काही वर्षांत हजारो माणसं नेली.

गरीब देशाला काही करताच येत नाही का? येतं. २०१५ च्या भूकंपाआधी काठमांडू खोऱ्यातल्या काही शाळांचं बळकटीकरण झालं होतं, त्या टिकल्या. भूकंपानंतर नेपाळ सरकारने घरासाठी तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान हप्त्यांत दिलं. पाया तपासल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. यातून मजबूत घरं उभी राहिली खरी, पण अनुदानात पूर्ण घर होत नव्हतं. म्हणून अनेक कुटुंबांनी नियमात बसणारी एक खोली बांधून हप्ते घेतले आणि राहायला मात्र शेजारच्या तडे गेलेल्या जुन्या घरातच राहिली.