प्रश्न तुमचे : मुलींचा फुटबॉल, शाळेच्या मैदानापासून भारतीय संघापर्यंत

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, आश्रमशाळेच्या संघात बचावात खेळते. ‘भारताकडून खेळायचं’ म्हणते. इथून रस्ता कसा लागतो? – एक पालक, शहादा

भाऊ, रस्ते दोन आहेत, आणि दोन्ही एकच समजल्यामुळे बऱ्याच मुलींची वर्षं वाया जातात.

पहिला शालेय स्पर्धांचा. शाळेची प्रवेशिका जाते, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. नंदुरबार, धुळे, जळगाव हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. सामने बाद पद्धतीचे, त्यामुळे एक दिवस वाईट गेला की त्या वर्षाचा फुटबॉल संपला. १७ वर्षांखालील मुलींचा सुब्रतो कप, म्हणजे शाळाशाळांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, हाही शाळेमार्फतच खेळला जातो. या रस्त्यावर दहावी-बारावीचे क्रीडागुण मिळतात, पुढे नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाला प्रमाणपत्रं उपयोगी पडतात. ते जरूर घ्या.

पण भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं बहुधा दुसऱ्या रस्त्यावर येतं. जिल्हा फुटबॉल संघटना, तिथून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे ‘विफा’ची राज्य निवड चाचणी, मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या वयोगटातल्या राष्ट्रीय स्पर्धा. मोठेपणी राजमाता जिजाबाई चषक, म्हणजे राज्याराज्यांची वरिष्ठ गटाची स्पर्धा, आणि इंडियन विमेन्स लीग, म्हणजे महिला क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा. यासाठी मुलीची क्लबमार्फत महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत (सीआरएस) नोंद हवी. नुसती शाळेच्या संघात असलेली मुलगी तिथे दिसतच नाही.

आता कागद. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर या तिन्हींत जन्मतारीख आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर एक हवं. पहिलीत घालताना गुरुजींनी १ जून लावून दिला असेल आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरी तारीख असेल, तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. निवड झाल्यावर पासपोर्टच्या वेळी हीच गोष्ट अडते, आणि वयचोरीचा संशय येतो तो वेगळाच.

खेळाचं म्हणाल, तर बाराव्या वर्षी तिला एकाच जागेवर बांधू नका. दोन्ही पायांनी पास देता आला पाहिजे, चेंडू पायात येण्याआधी मान वळवून मागे पाहण्याची सवय लागली पाहिजे. आपल्याकडे खरी उणीव गुणांची नाही, सामन्यांची आहे. शालेय स्पर्धेचे दोन-चार सामने म्हणजे वर्षभराचा खेळ नव्हे. आजूबाजूच्या शाळा मिळून दर रविवारी सात-सात जणींचे सामने लावा. मुली कमी पडल्या तर मुलांना घ्या, त्यात काही बिघडत नाही. २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातली भारताची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली. ते गाव काही मुंबईला चिकटलेलं नाही.

आमच्या मैदानावर एका मोसमात दोन मुलींचे गुडघे गेले. कोणी धडकलं नव्हतं, वळताना पडल्या. असं का होतं? – क्रीडाशिक्षक, अमळनेर

सर, धडक नसताना, वळताना किंवा उडी मारून उतरताना होणारी दुखापत बहुतेकदा गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची असते. मुलींमध्ये तिचं प्रमाण मुलांपेक्षा दोन-तीनपट जास्त दिसतं. दोन्ही मुलींना अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं नसेल तर दाखवा. चालता येतंय म्हणजे लिगामेंट शाबूत आहे असं नाही.

तुमच्या बाबतीत दोन कारणं एकत्र आली असावीत. एक म्हणजे जमीन. काळ्या मातीला पाऊस ओसरल्यावर भेगा पडतात. बुटाचा खिळा भेगेत अडकतो, पाऊल जागेवर राहतं, अंग वळतं आणि पीळ सगळा गुडघ्याला बसतो. भेगांत बारीक मुरूम भरा, पाणी मारा, धुम्मस किंवा रोलर फिरवा. गोलसमोरची आणि मधली जागा आधी करा, वळणं तिथेच जास्त. अशा टणक मैदानावर लांब खिळ्यांचे बूट नकोतच. रबरी तळाचे, आखूड आणि भरपूर खिळ्यांचे, दुकानदार ज्यांना ‘टर्फ’ म्हणतो ते घ्या.

दुसरं कारण तयारीचं. मैदानाला दोन फेऱ्या मारून सामना सुरू करणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. फिफाचा ‘११ प्लस’ हा २० मिनिटांचा व्यायामक्रम फुकट उपलब्ध आहे आणि साहित्य लागतं ते शंकूच्या सहा जोड्यांचं, पाच-सहा मीटर अंतरावर. शंकू नसतील तर विटा ठेवा. आधी ८ मिनिटं सावकाश धावणं. मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या: प्लँक (पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ तोलणं), आडवा प्लँक (तेच कुशीवर), एका पायावर उभं राहणं, बैठका. शेवटची २ मिनिटं वेगात धावणं आणि पाय रोवून दिशा बदलणं. सामन्याआधी फक्त पहिला आणि शेवटचा भाग घ्या.

यातला एक व्यायाम मुली टाळतात, तोच महत्त्वाचा. गुडघ्यांवर उभं राहायचं, मैत्रिणीने मागून दोन्ही घोटे घट्ट धरायचे आणि अंग ताठ ठेवून होईल तितकं सावकाश पुढे झुकायचं. तोल सुटला की हात टेकायचे. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू दुखेल, घाबरू नका.

उड्या घेताना समोर उभं राहून गुडघे बघा. उतरताना ते एकमेकांकडे आत झुकत असतील तर तिथेच थांबवा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आणि थोडा वाकलेला हवा. आठवड्यातून किमान दोनदा, मोसमभर केलं तरच उपयोग.

२०२२ चा आशिया चषक आपल्या महाराष्ट्रात होता. भारत एकही सामना न हरता बाहेर कसा पडला? – विद्यार्थिनी, भुसावळ

२० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ तारखेच्या चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याआधी संघात कोविडची लागण झाली. किमान १३ खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत तर संघाने माघार घेतली असं मानायचं, हा नियम होता. त्यानुसार सामना झालाच नाही आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता याच स्पर्धेतून ठरत असल्याने तेही दार बंद झालं.

२०२२ च्या स्पर्धेतली जागा भारताला यजमान म्हणून मिळाली होती. म्हणून आम्हाला ५ जुलै २०२५ मोठा वाटतो. थायलंडमध्ये, चियांग माईत, भारताने थायलंडला २-१ हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली; पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. दोन्ही गोल मधल्या फळीतल्या संगीता बासफोरचे. त्याआधी मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवलं होतं.

मुलगी पहिल्या पंधरा मिनिटांत धापा टाकते. आहार कमी पडतो का? – एक आई, शिरपूर

ताई, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही पळवलं तरी दम वाढणार नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. जेवणात कळण्याची किंवा बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी असतेच. भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही. पाळी फार जाते का, हेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगा.

रक्त ठीक निघालं तर वेळ बघा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत आटपलं पाहिजे. मैदानावर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचं प्रमाण. मीठ अंदाजाने टाकू नका.

मुलींना लहान चेंडू असतो का? – धुळे

नाही. मोठ्या गटात चेंडू ५ नंबरचाच, घेर ६८ ते ७० सेंमी, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. गोलही तोच, ७.३२ बाय २.४४ मीटर. साधारण बारा वर्षांपर्यंत मात्र ४ नंबर वापरा.

भावाची मुलगी लंडनला जन्मली, तिथे क्लबकडून खेळते. भारताकडून खेळू शकेल? – जळगाव

भारतीय पासपोर्ट असेल तरच. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड चालत नाही, आणि आपला कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही.