खरड छाटणीतला फाटा

“मॅडम, माझ्या जीवनाला फळच नाही.” माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या निफाडकडच्या एका ताईंचं हे पहिलं वाक्य. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) १२ वर्षं त्यांनी चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल घेतलं, महिला मंडळ सांभाळलं. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि १४ महिने सगळंच बंद. रविवारची उपासना चुकते, बायबल उघडलं की दोन ओळींत डोळा लागतो. त्यातल्या योहान १५ मधल्या दुसऱ्या वचनाची तर त्यांनी धास्तीच घेतली होती. फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो ना!

सुरुवातीला चूक माझीच झाली. मी रोजच्या वाचनाचा तक्ता करून दिला. पंधरा दिवसांनी ताई आल्या त्या आणखी एक अपराध पदरात घेऊन, तक्ताही पाळता आला नव्हता. तेव्हा कुठे मी झोपेचं विचारलं. सासूबाईंची कूस बदलायला रात्री तीनदा उठणं. असल्या थकव्याला ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणणं अन्यायाचं आहे. मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

पुढच्या भेटीत त्यांच्या द्राक्षबागेचा विषय काढला.

“एप्रिल छाटणीनंतर घड किती येतात?”

“घड कुठले? ती खरड छाटणी. नुसती काडी, म्हणजे पुढे घड देणारी फांदी, तयार करायची.”

“मग माल?”

“तो ऑक्टोबर छाटणीनंतर. पण घड धरतो उन्हाळ्यातच, काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात. वरून काही दिसत नाही…” बोलता बोलता त्या थांबल्या.

तेच वचन पुन्हा वाचलं. फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी ‘साफसूफ’ करतो, अधिक फळ यावं म्हणून. हा अर्धा भाग त्या नेमका गाळत होत्या. बायबलमधल्याच गलतीकरांस पत्रातली आत्म्याच्या फळाची यादीही काढली. तिच्यात संडे स्कूल नाही. सहनशीलता आहे, ममता आहे.

“पण मी चिडते हो त्यांच्यावर.”

चिडणारच. समजूत घालत बसले नाही. तेवढंच देवाला सांगितलं, दोन वाक्यांत.

नणंदेने महिन्यातले दोन रविवार घेतले. संडे स्कूल मात्र दुसरीकडे गेलं ते गेलंच. ते दुःख अजून आहे. परवा फोनवर सांगत होत्या, अंग पुसताना त्या गीत म्हणतात. सासूबाईंना शब्द फुटत नाहीत, पण चाल बरोबर धरतात, आणि कडवं चुकलं की डोळे वटारतात.