बाहेरचा उमेदवार, घरचे मतदार

अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी कशी ठरते, यावर ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : आमच्या प्रभागात वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ए-बी फॉर्मची वाट पाहत बसतो आणि फॉर्म मात्र आदल्या रात्री पक्षात आलेल्या माणसाच्या हाती पडतो. पण तो फॉर्म देणारा कोणी नेता तरी असतो. डोनाल्ड ट्रम्प यांना रिपब्लिकन पक्षाचा फॉर्म कोणी दिला?
– निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : कोणीही दिला नाही, कारण देण्याचा अधिकार असलेली व्यक्तीच त्या व्यवस्थेत उरलेली नाही. न्यू हॅम्पशायर राज्यात अध्यक्षपदाच्या प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीसाठी, नाव नोंदवायचे असेल तर पात्र व्यक्तीने आपण त्या पक्षाचे असल्याचे लिहून द्यायचे आणि एक हजार डॉलर भरायचे, एवढे पुरेसे असते. पक्षाध्यक्षाची सही लागत नाही. पुढचा निर्णय मतदार घेतात.

पूर्वी असे नव्हते. प्रायमरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत असल्या तरी त्या बऱ्याच अंशी शोभेच्या होत्या. १९५२ मध्ये एस्टेस केफॉव्हर यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, पण राज्याराज्यांतील पक्षप्रतिनिधी जेथे उमेदवार निवडतात त्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवारी मिळाली ॲडलाय स्टीव्हन्सन यांना. १९६८ मध्ये तर ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले. व्हिएतनाम युद्धामुळे आधीच संतापलेल्या तरुणांचा रोष शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर उतरला, पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि ते सारे दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचले. त्या नामुष्कीनंतर डेमोक्रॅटिक पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला. त्याच्या शिफारशींमुळे अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी मतदारांच्या कौलानुसार निवडणे भाग पडले, आणि अनेक राज्यांनी त्यासाठी कायदे बदलल्यामुळे रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. आजची पद्धत नेत्यांच्या औदार्यातून आलेली नाही. ती त्यांच्यावर लादली गेली.

नव्या नियमांचा अर्थ सर्वांत आधी ओळखला तो जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांनी. देशभरात त्यांना कोणी ओळखत नव्हते, म्हणून ते सर्वांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्यात लोकांच्या घरी राहून, लहान लहान सभा घेत फिरले. जानेवारी १९७६ मध्ये तेथील कॉकसमध्ये, म्हणजे स्थानिक पक्षसभांमध्ये, सर्वाधिक ३७ टक्के कौल कोणत्याच उमेदवाराच्या बाजूने नव्हता. कार्टर यांना सुमारे २८ टक्के मिळाले. तरीही वृत्तपत्रांनी त्यांनाच विजेता ठरवले, त्यानंतर न्यू हॅम्पशायरही त्यांनी जिंकले आणि वर्षअखेर ते अध्यक्षपदी निवडून आले.

ट्रम्प यांच्या बाबतीत गर्दीची भर पडली. २०१६ साठी रिपब्लिकन पक्षात १७ प्रमुख इच्छुक होते आणि ट्रम्पविरोधी मते त्यांच्यात वाटली गेली. दक्षिण कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते मिळाली, म्हणजे तीनपैकी दोन मतदारांनी त्यांना नाकारले होते. पण तेथील नियमांनुसार राज्याचे सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. २०१२ मधील पक्षाचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी मार्चमध्ये जाहीर भाषण करून त्यांना विरोध केला, त्याचाही काही उपयोग झाला नाही. याउलट डेमोक्रॅटिक पक्ष १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडणाऱ्यांना मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी देतो. त्यामुळे तेथे एखाद्या बाहेरच्या, म्हणजे पक्षाच्या नेतेमंडळींत नसलेल्या, उमेदवाराला तिसऱ्या हिश्श्याच्या मतांवर एकतर्फी आघाडी घेता येत नाही. अपक्ष सिनेटर बर्नी सँडर्स यांनी त्याच वर्षी वीसहून अधिक राज्ये व प्रदेश जिंकूनही हिलरी क्लिंटन यांना ते गाठू शकले नाहीत, त्यामागे हा नियमही होता. अर्थात क्लिंटन यांना मतेही अधिक होती, हे सँडर्स यांचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात.

प्रश्न : नेरुळच्या आमच्या सोसायटीत खजिनदार निवडतानासुद्धा आधी हिशेब सांभाळले आहेत का, असे विचारतात. मग एवढ्या मोठ्या देशाचे मतदार अननुभवी माणसाला पसंती का देतात?
– बँक कर्मचारी, नेरुळ

उत्तर : आधीच्या खजिनदाराने हिशेबच दाखवला नसेल, तर सभासद अनुभवाविषयी विचारणार नाहीत, त्या माणसाशी तुमचे साटेलोटे नाही ना, असे विचारतील. बाहेरच्या उमेदवाराचे आकर्षण बहुतेक वेळा याच प्रश्नातून निर्माण होते.

१९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपल्याच्या प्रकरणात, अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर ‘मी तुमच्याशी कधी खोटे बोलणार नाही’ असे सांगणाऱ्या कार्टर यांच्यासाठी वॉशिंग्टनमध्ये कधीही काम न केलेले असणे हीच पात्रता ठरली. २००८ मध्ये बराक ओबामा यांची सिनेटमधील कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची होती. पण २००२ मध्ये इराक युद्धाला संमती देणारे मतदान झाले तेव्हा ते सिनेटमध्ये नव्हते आणि त्यांनी त्या युद्धाला जाहीर विरोध केला होता. हिलरी क्लिंटन यांनी मात्र संमतीच्या बाजूने मत दिले होते. युद्धाला विटलेल्या डेमोक्रॅटिक मतदारांपुढे क्लिंटन यांचा अनुभव म्हणजे ते एक मत, असे समीकरण झाले.

एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे रिपब्लिकन इच्छुकांची वादचर्चा झाली. मंचावर जेब बुश होते. त्यांचे वडील आणि थोरले बंधू दोघेही अध्यक्ष राहिलेले. त्या राज्यात माजी सैनिक मोठ्या संख्येने आहेत आणि बुश घराण्याविषयी आदरही होता. तेथे ट्रम्प यांनी बंधू बुश यांच्या कारकिर्दीतले इराक युद्ध ही घोडचूक होती आणि त्यासाठी देशाला खोटी कारणे सांगितली गेली, असे बंधू बुश यांचे नाव घेऊन सुनावले. सभागृहातून हुर्यो उठली आणि आता हे गृहस्थ संपले, असे अनेक जाणकारांना वाटले. बरोबर एका आठवड्याने ट्रम्प यांनी ते राज्य जिंकले आणि त्याच रात्री जेब बुश स्पर्धेतून बाहेर पडले. त्या एका चर्चेमुळेच निकाल लागला, असा दावा मी करणार नाही. पण पक्षाच्या मतदारांना जे मनोमन पटले होते आणि पक्षाचे नेते जे बोलू धजत नव्हते, ते बोलण्याची मोकळीक कोणाला होती, हे त्यातून दिसते. आयात-निर्यात धोरण आणि वृद्धांच्या सरकारी लाभांविषयीही तसेच झाले: नेतेमंडळी मुक्त व्यापाराची आणि खर्चकपातीची भाषा करत होती, आणि ट्रम्प या दोन्ही गोष्टींच्या विरोधात बोलत होते.

नुसते बाहेरचे असणे मात्र पुरत नाही. त्याच स्पर्धेत शल्यविशारद बेन कार्सन आणि उद्योजिका कार्ली फिओरिना हेही कधी निवडून न आलेले उमेदवार होते. २०१५ च्या शरद ऋतूत दोघांचा बोलबाला झाला आणि हिवाळ्यात तो ओसरला. दुसरीकडे टेड क्रूझ हे विद्यमान सिनेटर असूनही स्वतःला बाहेरचे म्हणवत होते आणि सँडर्स तर १९९१ पासून संसदेत आहेत. तेव्हा ‘बाहेरचा’ हा शिक्का जन्मपत्रिकेवर नसतो; आपल्याच पक्षाच्या नेतृत्वावर रुष्ट असलेले मतदार तो मारतात. मतदार समाधानी असतील तर त्या शिक्क्याला बाजारात किंमत नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रायमरीत मत देणारे थोडे असतात. २०१६ मध्ये ट्रम्प यांना उमेदवारी मिळाली ती सुमारे १ कोटी ४० लाख मतांवर. मुख्य निवडणुकीत त्यांना जवळजवळ ६ कोटी ३० लाख मते पडली. त्यामुळे ‘अमेरिकेने बाहेरचा माणूस पसंत केला’ हे विधान उमेदवारीच्या टप्प्यापुरते तरी फार सैल आहे.

प्रश्न : ट्रम्प यांच्या मुलांनाच वडिलांना मत देता आले नाही, असे वाचले. हे खरे आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, कोपरी, ठाणे

उत्तर : खरे आहे. न्यूयॉर्कची प्रायमरी फक्त त्या त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांसाठी असते. १९ एप्रिल २०१६ च्या मतदानासाठी पक्षनोंदणी बदलण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपली होती आणि इव्हांका व एरिक यांनी ती चुकवली. ट्रम्प यांनी ते राज्य तरीही सहज जिंकले. अशा नियमाची खरी झळ सँडर्स यांना बसली, कारण त्यांच्या पाठीराख्यांत कोणत्याच पक्षात न नोंदवलेले तरुण पुष्कळ होते.

प्रश्न : मग पैसा असलेला कोणीही धनाढ्य माणूस उमेदवारी मिळवू शकेल काय? आणि विवेक रामस्वामी यांचे गणित कोठे चुकले?
– लघुउद्योजक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर २०२० मध्ये मिळाले. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत काही महिन्यांत स्वतःचे सुमारे शंभर कोटी डॉलर खर्च केले आणि जिंकला तो एकच प्रदेश, प्रशांत महासागरातील अमेरिकन समोआ. पैशाने जाहिराती मिळाल्या, पण पहिल्याच वादचर्चेत प्रतिस्पर्धी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांची जी झाडाझडती घेतली, ती त्या जाहिरातींना भरून काढता आली नाही. सँडर्स यांच्या २०१६ च्या मोहिमेत सरासरी देणगी २७ डॉलरची असल्याचे सांगितले जाई. पाच-पंचवीस डॉलर देणारा माणूस मतदानालाही जातो, शेजाऱ्यालाही घेऊन जातो; जाहिरात पाहणारा जाईलच असे नाही.

भारतीय वंशाचे उद्योजक रामस्वामी २०२४ च्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे होते. त्यांची अडचण निराळी होती. जानेवारी २०२४ मध्ये आयोवात त्यांना सुमारे आठ टक्के मिळाले, ते चौथे आले आणि त्याच रात्री माघार घेऊन त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला. प्रस्थापितांविरुद्ध बोलणाऱ्याची जागा त्या पक्षात आधीच भरलेली होती, आणि तीही एका माजी अध्यक्षाने.

प्रश्न : आपल्याकडे पक्षाचा उमेदवार असा मतदानाने का निवडत नाहीत?
– गृहिणी, सीबीडी बेलापूर

उत्तर : एकदा करून पाहिले आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने राहुल गांधी यांच्या पुढाकाराने मोजक्या मतदारसंघांत अशी अंतर्गत निवड घेतली. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा हे मतदारसंघ त्यात होते. मत देण्याचा अधिकार सामान्य मतदारांना नव्हता. तो पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि निवडक कार्यकर्त्यांना होता. वर्ध्यात या पद्धतीने निवडले गेले ते सागर मेघे, म्हणजे तेव्हाचे तेथील खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. प्रत्यक्ष निवडणुकीत दोन्ही जागा भाजपने जिंकल्या.