पिवळ्या स्पंजाचा हेडफोन

प्रश्न : वडिलांनी १९७०च्या दशकात जर्मनीहून आणलेला सेनहायझर एचडी ४१४ हेडफोन कपाटात सापडला. त्याच्या पाठीला भोके आहेत, गाणे शेजारच्यालाही ऐकू जाते आणि अ‍ॅडॉप्टर लावून मोबाइलला जोडला तर आवाज फारच बारीक येतो. तो बिघडला आहे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : दोन्ही बाजूंनी सारखाच बारीक आवाज येत असेल, तर बहुधा बिघाड नाही. हेडफोनच्या इतिहासातली मला सर्वांत धाडसी वाटणारी रचना तुमच्या हाती आहे.

नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१०च्या सुमारास युटामधील आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने घेतले, ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. संगीतासाठीचा स्टीरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ साली आणला. त्या काळी चांगल्या आवाजासाठी कान घट्ट झाकलाच पाहिजे, अशी समजूत होती. त्यामुळे हेडफोन जड असत आणि थोड्याच वेळात कानांना घाम फुटे. शिवाय हेडफोनमधल्या थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज कान झाकणाऱ्या बंद कपात घुमून पुन्हा गाण्यात मिसळे. १९६८ साली आलेल्या एचडी ४१४ने ही पाठच मोकळी केली आणि कानापुढे नुसता स्पंज ठेवला. मागचा आवाज बाहेर निघून गेल्याने गाणे डोक्यात कोंडल्यासारखे न वाटता मोकळे ऐकू येते. शेजारच्याला ऐकू जाते ते त्यामुळेच. (पुढे १९७९ साली वॉकमनसोबत आलेला हलका हेडफोनही असाच स्पंजाचा होता.)

बारीक आवाजाचे कारण वेगळे आहे. मूळ एचडी ४१४चा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे २००० ओहम, तर आजच्या इयरफोनचा अनेकदा ३२ ओहम असतो. म्हणजे तेवढ्याच विद्युतदाबावर तुमच्या हेडफोनला जेमतेम साठाव्या हिश्शाइतकी शक्ती मिळते. घरी जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याला जोडून पाहा, मात्र आवाजाचे बटण आधी शून्यावर ठेवा. वायर दोन्ही बाजूंनी सुटी होते, त्यामुळे तीच तुटली असेल तर पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तिची दुरुस्ती करून घेता येईल. स्पंजाला हात लावल्यावर पिवळी भुकटी लागत असेल तर तो बदला, पण त्याजागी रेक्झिनची गादी बसवू नका; तिने कानापुढची वाट बंद होऊन मूळ आवाज हरवेल.