प्रयोगशाळा नावापुरती आहे. नववी-दहावीची मुलं रासायनिक समीकरणं पाठ करतात, पण समजत नाहीत. काय करावं? (कोल्हापूर)

समीकरण फळ्यावर लिहून प्रयोगाने 'सिद्ध' करू नका. आधी मोजायला लावा, समीकरण शेवटी येऊ द्या. त्यासाठी 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा तेवढा घ्या. बाकी सगळं किराणा दुकानात मिळतं.

अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्यांत प्रत्येकी 25 मिली व्हिनेगर घ्या. पाच फुग्यांत 0.5, 1, 1.5, 2 आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा भरा. फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवा, पण सोडा ओतण्याआधी विचारा, सगळ्यात मोठा फुगा कुठला होणार? बहुतेक वर्ग पाचवा म्हणतो. प्रत्यक्षात तिसरा, चौथा, पाचवा जवळपास सारखेच फुगतात. मग पहिल्या बाटलीत आणखी सोडा टाका, फेस येईल. पाचवीत आणखी व्हिनेगर ओता, तिथेही येईल. कुठे काय संपलं होतं, हे मुलं आता स्वतः सांगतात. हिशोब इथे काढा: व्हिनेगर 4 टक्क्यांचं असेल तर 25 मिलीत 1 ग्रॅम ॲसेटिक आम्ल. दोन्हींचा एकेक मोल (कणांची ठरावीक संख्या) लागतो, म्हणून 60 ग्रॅम आम्लाला 84 ग्रॅम सोडा, म्हणजे 1 ग्रॅमला 1.4. मोल संकल्पना याहून सोपी क्वचितच होते. लेबल नक्की वाचा. 5 टक्के असेल तर आकडा 1.75 होतो आणि तिसरा फुगा थोडा मागे राहतो. आणि बेकिंग पावडर आणू नका, तिच्यात आम्ल आधीच असतं.

याच फुग्यांनी द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही) दाखवायला जाल तर फसाल. 400 मिली फुगलेला फुगा तेवढीच हवा बाजूला सारतो, तिच्या वर ढकलणाऱ्या बलामुळे (प्लावक बल) काटा जवळपास अर्धा ग्रॅम कमी दाखवतो आणि मुलं 'वस्तुमान घटलं' असं लिहून मोकळी होतात. इथे न फुगणारं भांडंच हवं. कोल्ड्रिंकच्या एक लिटरच्या जाड बाटलीत 1 ग्रॅम सोडा टाका, 15 मिली व्हिनेगर भरलेली परीक्षानळी तिरकी सरकवत आत उभी करा. बूच घट्ट लावा, वजन करा, बाटली उलटी करा, पुन्हा वजन करा. आकडा हलत नाही. बूच उघडलं की फुस्स आवाज येतो आणि 0.2 ते 0.3 ग्रॅम कमी होतात. सोडा आणि व्हिनेगर वाढवू नका, बाटलीत दाब वाढतो.

आम्ल-आम्लारीसाठी आपल्याकडे गुऱ्हाळं आहेत, हंगामात रस आणता येतो. उसाच्या रसाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, 7 च्या खाली आम्लधर्मी) साधारण 5.2 ते 5.5; त्यात चुन्याची निवळी थेंबाथेंबाने घालून 6 ते 6.5 पर्यंत न्यायला सांगा. गुळव्या चुना जास्त का घालत नाही (गूळ काळपट होतो) हे मुलांनीच विचारून यावं. पण इथे हळदीचा कागद चालत नाही: तो पीएच साडेसातच्या आसपास जाईपर्यंत पिवळाच राहतो. पीएच पट्ट्या घ्या.

पाठांतराचं म्हणाल, तर मूलद्रव्यांच्या संज्ञा (Na, Ca अशी चिन्हं) आणि संयुजा पाठ हव्यातच, त्याला पर्याय नाही. रोज पाच मिनिटं पुरतात.